नारळीकरांचं विश्व : साताऱ्यात घडलेल्या एका माहितीपटाच्या नोंदी

2 जून 2025

20 मे रोजी पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. तेव्हापासून मोबाइलवर जे फिरतंय ते एकाच छापाचं आहे. जन्म कोल्हापूरचा, बालपण बनारसला, केंब्रिजला रँग्लर, वयाच्या 26व्या वर्षी पद्मभूषण, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, विज्ञानकथा, साधी राहणी. सगळं खरं आहे. पण या माणसानं विश्वाबद्दल नेमकं काय म्हटलं, हे त्यात कुठंच सापडत नाही.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी अर्ध्या तासाचा मराठी माहितीपट करायचं ठरलं. कॅमेरा भाचा सांभाळणार, संहिता माझी, निवेदन नाटकात काम केलेल्या आमच्या शेजारच्या बाईंचं. पैसे आमचेच, त्यामुळे परदेशात जाऊन चित्रीकरण वगैरे प्रश्नच नाही. जे दाखवायचं ते सातारा आणि आसपास दाखवायचं.

पहिल्याच बैठकीत मी एक गोष्ट स्पष्ट केली. नारळीकरांनी आयुष्यभर ज्या विचाराची बाजू लावून धरली, तो आज बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मान्य करत नाहीत. विश्वाची सुरुवात महास्फोटानं झाली हे त्यांना पटलेलं नव्हतं. श्रद्धांजलीत हे कुणी लिहीत नाही, लिहिलंच तर ओझरतं. आपण हेच मधोमध ठेवायचं. ते लपवलं तर त्यांचा अपमान होईल, कारण त्यांनी स्वतः ते कधी लपवलं नाही.

9 जून

संहितेचा पहिला भाग झाला. बनारस हिंदू विद्यापीठात वडील विष्णु वासुदेव नारळीकर गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृत जाणणाऱ्या. घरात फळा होता. मोरूमामा त्यावर एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे आणि जयंतला ते सुटेपर्यंत ते पुसलं जायचं नाही. चित्रीकरणासाठी जुना लाकडी फळा पाहिजे. हल्ली शाळांत सगळीकडे पांढरे नाहीतर हिरवे फळे. भाच्याला एका बंद पडलेल्या शिकवणीत सापडला, कडेला चुन्याचे डाग असलेला. तसाच घ्यायचा.

1957 साली बनारसची बीएस्सी, मग केंब्रिज, 1959ला पदवी परीक्षेत पहिला क्रमांक, 1963ला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली पीएचडी. हे सगळं मी दीड मिनिटात आवरलंय. पदकांची यादी वाचून दाखवली की मुलं जांभया देतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

21 जून

आजचा दिवस कामी आला. विश्व प्रसरण पावतंय हे पडद्यावर कसं दाखवायचं यावर बरेच दिवस घोळ चालला होता. संगणकावरची तयार चित्रं मिळतात, पण सगळी सारखीच दिसतात: निळा-जांभळा धूर आणि चमचमाट. त्यातून मुलाला काही मोजता येत नाही.

राजवाड्याजवळच्या टेलरकाकांकडून परकराला लावतात तसलं रुंद इलॅस्टिक घेतलं. त्यावर दर पाच सेंटिमीटरवर शर्टाचं एकेक बटण शिवून घेतलं. टेबलावर मोजपट्टी ठेवली आणि इलॅस्टिक दुप्पट लांब होईपर्यंत ताणलं. एका बटणावर बोट ठेवून त्याला आपली आकाशगंगा म्हणायचं. शेजारचं बटण पाचाचं दहावर गेलं, म्हणजे पाच सेंटिमीटर सरकलं. चौथं बटण विसाचं चाळिसावर गेलं, म्हणजे तेवढ्याच वेळात वीस सेंटिमीटर. जितकं दूर, तितकं वेगानं लांब जाणारं. 1929 साली खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या बाबतीत हेच मांडलं, आणि त्याच्या दोन वर्षं आधी लमेत्र यांनी समीकरणांतून हाच निष्कर्ष काढला होता. बोट दुसऱ्या कुठल्याही बटणावर ठेवा, हिशोब तोच येतो. म्हणजे आपण मध्यभागी आहोत असं समजायचं कारण उरत नाही.

भाचा म्हणाला, "मामा, ताणल्यावर बटणं विरळ झाली की. मधली जागा रिकामी दिसतेय."

तोच तर प्रश्न होता! 1948 साली हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी त्याचं उत्तर दिलं ते असं, की रिकाम्या जागेत नवी बटणं येत राहतात. फार सावकाश. एक घनमीटर जागेत अब्जावधी वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू, इतकं सावकाश. त्यामुळे विश्व पसरतं, पण त्याची दाटी कायम राहते. आज बघा नाहीतर दहा अब्ज वर्षांपूर्वी, मोठ्या प्रमाणावर ते तसंच दिसणार. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. हाच स्थिर स्थिती सिद्धांत. टेलरकाकांना परत गाठलं आणि ताणलेल्या इलॅस्टिकवर मधल्या जागांत नवी बटणं शिवायला लावली. त्यांची बोटं, सुई आणि तोंडात धरलेला दोरा, एवढंच क्लोजअपमध्ये घेतलं. हा शॉट काही झालं तरी काढायचा नाही.

3 जुलै

दिवसभर धो धो पाऊस. पत्र्यावर आवाज इतका की निवेदनाचं रेकॉर्डिंग रद्द. छायाचित्रांच्या परवानगीची पत्रं लिहिली. परवानगी आली नाही तर ते चित्र वापरायचं नाही, मग ते नेटवर कितीही ठिकाणी असो.

19 जुलै

आज नारळीकरांचा जन्मदिवस, 1938चा. मुद्दाम आजच शाळेत गेलो, शनिवारची सकाळची शाळा होती.

मुलं सही मागायला आली की नारळीकर म्हणायचे, सही नको, मला पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल. पोवई नाक्यावरच्या पोस्टातून पन्नास पैशांची कार्डं गठ्ठ्यानं आणली होती. नववीच्या दोन्ही तुकड्यांना वाटली. निम्म्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा पोस्टकार्ड हातात धरलं. पत्ता कुठं आणि मजकूर कुठं हे सांगावं लागलं.

प्रश्न वाचून संध्याकाळ गेली. काही इथं उतरवून ठेवतो. "विश्व पसरतंय तर कशात पसरतंय?" "दूरचा तारा आत्ता तिथं आहे कशावरून?" "प्रकाश थकतो का?" "सुरुवातीच्या आधी काय होतं?" एका मुलीनं लिहिलंय, "सगळं लांब जातंय तर सातारा आणि पुणे लांब का होत नाहीत?"

या शेवटच्या प्रश्नासाठी संहितेत जागा केली. बटण ताणलं जात नाही, इलॅस्टिक ताणलं जातं. जिथं गुरुत्वाकर्षणानं किंवा अणूंच्या बंधांनी वस्तू घट्ट बांधलेल्या आहेत तिथं प्रसरणाचा जोर चालत नाही. पृथ्वी फुगत नाही, सूर्यमाला फुगत नाही, आपली आकाशगंगाही नाही.

आणि एक ठरलं. माहितीपटाला सूत्रधार नको. भाग पाडायचे ते या प्रश्नांवरून.

8 ऑगस्ट

केंब्रिजचा भाग. इथं मला रेंगाळायचं आहे, कारण इथं खरी झुंज आहे.

स्थिर स्थिती सिद्धांतानं एक धाडस केलं होतं. विश्व कायम सारखंच असेल तर दूरचं, म्हणजेच जुनं विश्वही आजच्यासारखंच दिसलं पाहिजे. ही अट पळवाट ठेवत नाही. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल रेडिओ दुर्बिणींनी आकाशातले रेडिओ स्रोत मोजत होते. 1961 साली त्यांनी जाहीर केलं की अंधूक, म्हणजे दूरचे स्रोत या सिद्धांताच्या हिशोबापेक्षा जास्त भरतात. पूर्वीचं विश्व वेगळं होतं, असा त्याचा अर्थ. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत हॉइल यांच्या बाजूनं उत्तर द्यायला उभा राहिला तो त्यांचा विद्यार्थी, 22 वर्षांचा नारळीकर. समोर राइल, आणि हातात स्वतः मांडलेलं गणित. नववीतल्या मुलांना हे सांगितलं पाहिजे की असं उभं राहता येतं.

त्याच साली ग्रीनिच वेधशाळेच्या उन्हाळी वर्गात नारळीकर आणि स्टीफन हॉकिंग टेबल टेनिस खेळले होते आणि नारळीकर जिंकले होते. तीन वर्षांनी, जून 1964मध्ये, रॉयल सोसायटीत हॉइल यांनी नारळीकरांबरोबरचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा: एसटीनं ब्रेक मारला की उभा माणूस पुढं जातो. ते जडत्व येतं कुठून? भौतिकशास्त्रज्ञ माख यांचं म्हणणं होतं की दूरदूरच्या सगळ्या द्रव्यामुळे. हॉइल आणि नारळीकरांनी त्याला गणिताचं रूप दिलं. प्रत्येक कणाचं वस्तुमान हे विश्वातल्या बाकीच्या सगळ्या कणांच्या प्रभावाची बेरीज. व्याख्यान संपल्यावर हॉकिंग उठून म्हणाले की ही बेरीज अनंत होते. त्यांनी आधीच हिशोब करून ठेवला होता. नंतर त्यांनी तो प्रसिद्धही केला.

एसटीचा शॉट स्टँडवर घेतला. कंडक्टरसाहेबांनी हरकत घेतली नाही, फक्त गाडी वेळेवर सोडायची म्हणून घाई केली. बसमधून चार भिंतीचा डोंगर मागं सरकताना दिसतो, तो भाग ठेवायचा.

20 ऑगस्ट

पावसानं सगळीकडे हाहाकार आहे. तरीही आजच्या तारखेला हा भाग लिहायचा असं मनात होतं. 2013 साली आजच्या दिवशी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ते आमच्या साताऱ्याचे.

बैठकीत सूर असा होता की विश्वाच्या माहितीपटात फलज्योतिष कशाला. माझं मत ठाम आहे, पाहिजेच. 2008च्या सुमाराला नारळीकर, दाभोलकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे आणि पूर्वी स्वतः ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे यांनी मिळून एक चाचणी घेतली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. शंभर हुशार म्हणून निवडलेली आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली. त्यांच्या पत्रिका करून, प्रत्येक ज्योतिषाला कुठल्याही चाळीस द्यायच्या आणि विचारायचं, यातली कोणती पत्रिका कुठल्या गटातली? 51 जणांनी पत्रिका मागवल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश 46 टक्के. नाणं उडवलं तरी 50च्या आसपास येतं. सगळ्यांत चांगलं उत्तर 40पैकी 24. एका संस्थेनं सगळ्या 200 पत्रिका घेतल्या, 102 बरोबर आल्या.

मला त्यातली रीत महत्त्वाची वाटते. निकाल काय आला तर म्हणणं टिकलं आणि काय आला तर पडलं, हे आधी ठरवायचं, सर्वांसमोर ठरवायचं, मग मोजायचं. राइल यांनी स्थिर स्थिती सिद्धांताची जी परीक्षा घेतली तीच. नारळीकरांनी आधी स्वतःच्या सिद्धांतावर ती सोसली होती, मग ज्योतिषांपुढे ठेवली. हा भाग काढला तर माणूसच अर्धा होतो.

7 सप्टेंबर

खग्रास चंद्रग्रहण. रात्री दहाच्या आत सुरुवात, अकराला चंद्र पूर्ण झाकला, मध्यरात्र उलटून वीसेक मिनिटांपर्यंत खग्रास. कालच विसर्जन झालेलं, गल्लीत गुलाल तसाच. सातारकर गच्च्यांवर होते. ढग मधूनमधून फाटत होते, तांब्याच्या रंगाचा चंद्र दिसला की आरडाओरडा व्हायचा. आमच्याच वाड्यातल्या आजी दारं लावून बसल्या होत्या. नातवानं हाताला धरून वर आणलं. "बघ आजी, आपलीच सावली आहे ती." आजींनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "एवढी मोठी सावली पडते होय आपली." हे त्यांच्या परवानगीनं ठेवतोय.

28 सप्टेंबर

रफ कट दाखवला. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक मुद्दाम आले होते, मी त्यांचा विद्यार्थी. बघून झाल्यावर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "तू नारळीकरांना वाचवतोयस."

"सर, कुठं?"

"पार्श्वभूमीच्या प्रारणाला तू वीस सेकंद दिलीस आणि त्यांच्या उत्तराला दोन मिनिटं."

त्यांचं म्हणणं मी इथं नीट लिहून ठेवतो. 1964-65मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांना त्यांच्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखी येणारी एक खरखर सापडली. ते सूक्ष्मलहरींचं प्रारण होतं, तापमान 2.7 केल्विन, म्हणजे उणे 270 अंश सेल्सिअसच्या आसपास. एके काळी विश्व तापलेलं आणि दाट होतं असं धरलं तर ते सरळ निघतं. पुढं उपग्रहांनी त्यातले सूक्ष्म चढउतार मोजले, तेही महास्फोटाच्या चित्रात चपखल बसतात, आणि त्यातूनच विश्वाचं 13.8 अब्ज वर्षांचं वय येतं. हॉइल, बरबिज आणि नारळीकर यांनी 1993मध्ये सुधारित मांडणी केली. त्यात विश्व लांब पल्ल्यानं फुगतं, आक्रसतं, परत फुगतं, आणि नवं द्रव्य ठिकठिकाणच्या छोट्या स्फोटांतून येतं. ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या बारीक सुयांसारख्या कणांनी शोषून ते प्रारण तयार झालं, असं त्यांचं उत्तर. सर म्हणाले, हे उत्तर हुशारीचं आहे, पण त्यातून चढउतारांचा तो नेमका आराखडा तितक्या सहज येत नाही. म्हणून जगानं ते घेतलं नाही. हे मुलांना सांगायला तुझी जीभ का अडखळते?

सर उठताना एवढंच म्हणाले, "त्यांना आवडलं नसतं असं झाकून ठेवलेलं."

12 ऑक्टोबर

प्रारणाचा भाग नव्यानं कापला. आता तो अडीच मिनिटांचा आहे आणि त्यात आडवळण नाही. पुरावा महास्फोटाच्या बाजूनं झुकला, नारळीकर अखेरपर्यंत साशंक राहिले, दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी, कुठलंही संगीत न लावता.

त्याला जोडून मी आणखी एक भाग घातलाय आणि तो मला सगळ्यांत प्रिय आहे. महास्फोट नाही असं हॉइल यांनी धरलं, म्हणून त्यांना एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडं शोधावं लागलं. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ही मूलद्रव्यं शिजली कुठं? त्यांनी ताऱ्यांच्या पोटात बघितलं. 1957 साली हॉइल, फाउलर आणि बरबिज पतिपत्नी यांनी मांडलेला हिशोब आज पाठ्यपुस्तकात आहे. सगळ्यांत हलकी मूलद्रव्यं, हायड्रोजन आणि बराचसा हेलियम, सुरुवातीच्या तापल्या विश्वातली. पण आपल्या रक्तातलं लोखंड ताऱ्यांतलंच. ज्या सिद्धांतापायी हा शोध लागला तो मागं पडला, शोध राहिला. विज्ञानाच्या इतिहासात असं घडतं हे मुलांना कुणी सांगतच नाही. त्यांना वाटतं, बरोबर उत्तर देणारे एका बाजूला आणि नापास दुसऱ्या बाजूला.

एका मित्रानं सुचवलं, नव्या अवकाश दुर्बिणीमुळे "महास्फोट खोटा ठरला" असे व्हिडिओ येताहेत, त्यातला एखादा तुकडा शेवटी लाव, लोक बघतील. नाही. लवकर तयार झालेल्या मोठ्या दीर्घिका दिसल्या आहेत आणि त्यावर काम चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. नारळीकरांना खोट्या विजयाची गरज नाही.

18 नोव्हेंबर

अमावास्या दोन दिवसांवर. आकाशाचे शॉट राहिले होते. चाळकेवाडीच्या पठारावर गेलो, वारा असा की ट्रायपॉडला दगडांची पिशवी टांगावी लागली. पवनचक्क्यांचे दिवे चौकटीत येत होते, म्हणून रस्त्याच्या उतारावर खाली सरकलो.

साडेसातच्या सुमाराला देवयानी दीर्घिका ईशान्येला चांगलीच वर आलेली. नुसत्या डोळ्यांनी एक फिकट पुंजका. तो प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला. "दूरचा तारा आत्ता तिथं आहे कशावरून" या पोस्टकार्डाचं उत्तर इथंच बोललं जाईल. आत्ता काय आहे ते कळत नाही, तेव्हा काय होतं ते दिसतं, आणि म्हणूनच राइल दूरचं मोजून जुन्याबद्दल बोलू शकले. बाईंनी हे वाक्य थंडीत उभं राहूनच रेकॉर्ड केलं. मागं वारा आहे, राहू दे.

देवयानी आपल्यापासून दूर जात नाही, ती आपल्याकडं येतेय. निवेदनात हे घातलंच पाहिजे, नाहीतर एखादा चौकस मुलगा इलॅस्टिकच्या शॉटवर बोट ठेवेल. दोन्ही दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणात बांधलेल्या आहेत. शेजारी आहेत म्हणून.

30 नोव्हेंबर

विज्ञानकथेचा भाग एका मिनिटाचा झाला. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी "कृष्णविवर" ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येईल म्हणून मंगलाताईंनी ती लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या, 2023 साली त्या गेल्या. त्यांच्यावर वेगळा माहितीपट व्हायला हवा, एका मिनिटात त्यांना कोंबणं बरोबर नाही. म्हणून इथं त्यांचा उल्लेख तेवढाच ठेवला.

6 डिसेंबर

शाळेत दाखवला. सभागृहाचे पडदे फाटके, उजेड आत येत होता, मुलांनीच सतरंज्या टांगल्या.

टेलरकाकांच्या शॉटला मुलं पुढं सरकली. प्रारणाच्या भागात दोघं-तिघं कुजबुजत होते, बहुधा कंटाळले. तिथं खरखरीचा आवाज आधी ऐकवून मग माहिती द्यावी असं वाटतं, करून बघतो. संपल्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मग नारळीकर चुकले का?" त्याला उत्तर देण्याआधीच साताऱ्या-पुण्याचं विचारणारी मुलगी उठली. "बटणं नवीन येतात असं ते म्हणाले, आणि येत नसली तर काय दिसेल तेपण सांगितलं. मग लोकांनी बघितलं." मी त्यात काही घातलं नाही.

पुढची कामं. खरखरीचा बदल या आठवड्यात. निवेदनाची लिखित प्रत शिक्षकांसाठी. कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी मराठी अक्षरपट्ट्या, त्याला वेळ लागेल. पेन ड्राइव्हवर फाइल, कारण जावळीतल्या बऱ्याच शाळांत नेट चालत नाही. पोस्टकार्डांची उत्तरं सर आणि मी वाटून घेतली आहेत. "सुरुवातीच्या आधी काय होतं" हे सरांनी स्वतःकडं ठेवलंय.